शंभराच्या विजेत तीनशेची वाफ: संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
हळद उत्पादक शेतकरी कंपनी,
ता. मिरज, जि. सांगली

स. न. वि. वि.

आपल्या शेडमध्ये झालेलं ‘शीत संलयन’ यंत्राचं प्रात्यक्षिक मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. विक्रेत्यांचं म्हणणं असं, की पेटीत निकेलची भुकटी आणि हायड्रोजन आहे, आत अणूंचं संलयन होतं (म्हणजे अणुकेंद्रं एकमेकांत जुळतात) आणि एक युनिट वीज घातली की तीन युनिट उष्णता बाहेर पडते. म्हणजे शंभर रुपयांच्या विजेत तीनशे रुपयांची वाफ. त्या वाफेवर सगळ्यांची हळद शिजवायची, त्यासाठी सभासदांकडून आगाऊ रक्कम गोळा करायची आणि उरलेल्या पैशांसाठी कर्ज काढायचं, असा ठराव येत्या विशेष सभेत येतोय.

माझी मागणी एकच आहे. हा ठराव तूर्त पुढे ढकला. आधी यंत्राची मोजणी आपल्या लोकांकडून, आपल्या मीटरवर होऊ द्या आणि मग सभेपुढे या.

हे पत्र बंद पाकिटात न देता उघडपणे लिहितोय, त्याला कारण आहे. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकावर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या घुमटाचा फोटो आहे. प्रात्यक्षिकाच्या वेळी मी वाफेबद्दल प्रश्न विचारला. विक्रेत्यांचा माणूस काही बोलायच्या आत आपल्याच एका संचालकांनी मला विचारलं, “काका, भाभा अणुसंशोधन केंद्रावरसुद्धा तुमचा विश्वास नाही का?” टाळ्या पडल्या आणि विषय तिथेच मिटला. आसपासच्या गावांतल्या गटांनाही हेच यंत्र दाखवलं जातंय असं कानावर आलंय. तिथेही कुणीतरी प्रश्न विचारेल आणि त्यालाही असंच खाली बसवलं जाईल. म्हणून मला जे माहीत आहे ते सविस्तर मांडतो.

मोह का पडला हे मला चांगलं कळतं. काहिलीत हळद शिजवायचे तेव्हा चुलीच्या धगीपुढे उभं राहिलेली माणसं आपण. आता वाफेचे कुकर आले, पण सरपणाचा खर्च काही सुटला नाही. ड्रममधला कंद काढून त्यात काडी टोचायची. आरपार गेली तर ड्रम उतरवायचा, अडली तर आणखी वाफ, आणखी लाकूड. पुढे खळ्यावर वाळवण, पॉलिश, आणि मार्केट यार्डात सौदा होईपर्यंत दर काय राहील याचा भरवसा नाही. अशा माणसाला कुणी सांगितलं की उष्णता जवळपास फुकट मिळेल, तर तो कान देणारच. त्यात त्याची चूक नाही.

आणि शीत संलयन हे नुसतं थोतांड आहे, असंही मी म्हणणार नाही. त्याचा इतिहास समजून घेतला तर आपल्यापुढचा प्रश्न जास्त स्वच्छ दिसतो.

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्टिन फ्लायशमन आणि स्टॅन्ली पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. जड पाण्यात (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड प्रकार, ड्युटेरियम, असतो) पॅलेडियम धातूची कांडी बुडवून वीज सोडली तर घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता निघते, असं त्यांनी जाहीर केलं. ही जादा उष्णता रासायनिक क्रियेतून येण्याएवढी थोडी नाही, ती ड्युटेरियमच्या अणुकेंद्रांच्या संलयनातूनच येत असणार, असा त्यांचा दावा होता. सूर्याच्या गाभ्यात संलयन होतं ते सुमारे दीड कोटी अंश तापमानाला. इथे ते टेबलावरच्या काचेच्या भांड्यात होत होतं म्हणे. फ्लायशमन कुणी ऐरेगैरे नव्हते. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते फेलो होते आणि विद्युत-रसायनशास्त्रात त्यांच्या नावाला वजन होतं.

जगाने विश्वास ठेवला, त्यालाही कारणं होती. चेर्नोबिल होऊन तीन वर्षं झाली होती. पत्रकार परिषदेच्या दुसऱ्याच दिवशी अलास्काच्या समुद्रात ‘एक्सॉन वाल्डेझ’ जहाज खडकावर आदळून तेल पसरलं. स्वच्छ ऊर्जेची तहान सगळ्यांनाच लागली होती. शिवाय १९८६ साली बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांनी सिरॅमिकसारख्या पदार्थात कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या तापमानाला अतिवाहकता, म्हणजे वीज अजिबात अडथळ्याविना वाहणं, सापडल्याचं दाखवलं होतं. तेही जुन्या समजुतींना धक्का देणारंच होतं. पण तो प्रयोग काही महिन्यांत ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी आपापल्या हाताने करून पाहिला, तो जमला, आणि १९८७ साली दोघांना नोबेल मिळालं. मग युटाचं भांडंही खरं निघेल, असं वाटणं साहजिक होतं.

घोडं अडलं ते दुसऱ्यांनी करून पाहताना. काहींना जादा उष्णता दिसली, बहुतेकांना दिसली नाही. ज्यांना दिसली त्यांनाही ती हवी तेव्हा दाखवता येईना. त्यात न्यूट्रॉनचा, म्हणजे अणुकेंद्रातल्या विद्युतभार नसलेल्या कणाचा, प्रश्न होता. ड्युटेरियमची दोन अणुकेंद्रं एकत्र आली की जवळपास निम्म्या वेळा एक न्यूट्रॉन बाहेर पडतो, हे आधीपासून पक्कं माहीत आहे. त्या हिशेबाने अशा संलयनातून फक्त एक वॅट उष्णता मिळाली तरी सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन सुटायला हवेत. एवढा मारा होत असताना भांड्याशेजारी तासभर उभा राहिलेला माणूस जगला नसता. प्रयोग करणारे ठणठणीत होते. यावर दावेदारांचं उत्तर असं, की धातूच्या आत संलयनाची वाट वेगळी असेल, न्यूट्रॉनऐवजी हेलियम आणि नुसती उष्णता मिळत असेल. असेलही. पण मग एकाऐवजी दोन नव्या गोष्टी सिद्ध करायच्या आल्या.

१ मे १९८९ रोजी बाल्टिमोरला अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या बैठकीत कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या तंत्रज्ञान संस्थेच्या नेथन लुईस यांनी उष्णता मोजण्याच्या पद्धतीवरच बोट ठेवलं. भांड्यातलं पाणी नीट ढवळलं नसेल तर एका जागी ते जास्त गरम, दुसऱ्या जागी कमी. थर्मामीटर कुठे बुडवलाय यावर उत्तर बदलणार. काहील न ढवळता एकाच कडेला हात लावून हळद शिजली म्हणण्यातला हा प्रकार. फ्लायशमन म्हणाले, वीज सोडल्यावर जे बुडबुडे येतात तेच पाणी पुरेसं ढवळतात. जगातली ऊर्जेची चिंता मिटवणारा शोध खरा की खोटा, हा वाद अखेर थर्मामीटरच्या जागेपर्यंत आला. मला यात कमीपणा वाटत नाही. वाद तिथेच यायला हवा होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या समितीने नोव्हेंबर १९८९ मध्ये सांगितलं, की पुरावा पटण्याजोगा नाही, खास निधी देऊ नये, पण नेमक्या प्रयोगांना माफक मदत करायला हरकत नाही. युटा राज्याने ५० लाख डॉलर देऊन उभी केलेली संस्था १९९१ मध्ये बंद पडली. २००४ साली त्याच खात्याने १८ परीक्षकांकडून पुन्हा तपासणी करवून घेतली. जादा उष्णतेबद्दल त्यांच्यात जवळपास निम्मे-निम्मे मत पडलं, पण ती अणुप्रक्रियेतून येते हे बहुतेकांना पटलं नाही. पुढे गुगलने सुमारे एक कोटी डॉलर खर्चून नामांकित प्रयोगशाळांकडून कसून प्रयोग करवले. २०१९ साली ‘नेचर’मध्ये त्यांचा अहवाल आला: शीत संलयनाचा पुरावा मिळाला नाही. पॅलेडियममध्ये दावेदार सांगतात तेवढा हायड्रोजन भरणं आणि तो टिकवणं हेच किती अवघड आहे, हेही त्यांनी नोंदवलं. तरीही दार पूर्ण बंद झालेलं नाही. २०२३ मध्ये अमेरिकन सरकारच्या ऊर्जा संशोधन संस्थेने या विषयावरच्या आठ प्रकल्पांना एक कोटी डॉलर दिले. कशासाठी? हा परिणाम मुळात आहे की नाही, याचा एकदा निकाल लागावा म्हणून.

संचालक मंडळाने इथे क्षणभर थांबावं. जी गोष्ट आहे की नाही याचाच शोध अजून चाललाय, ती आपल्या शेडमध्ये कोटेशन आणि वॉरंटी कार्डासकट विक्रीला आली आहे.

आता भाभा अणुसंशोधन केंद्राबद्दल, कारण माझं तोंड त्याच नावाने बंद केलं गेलं. १९८९ साली युटाची बातमी आल्यावर तुर्भ्याला खरोखरच प्रयोग झाले. केंद्राचे तेव्हाचे संचालक पी. के. अय्यंगार यांनी त्यात जातीने लक्ष घातलं होतं. डॉ. एम. श्रीनिवासन आणि इतर अनेक शास्त्रज्ञ त्यात होते. आपल्या अणुभट्ट्यांसाठी जड पाणी लागतं, त्यामुळे ते आणि ते हाताळणारी माणसं दोन्ही तिथे होती. न्यूट्रॉन दिसल्याचं आणि ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) त्याच्या कितीतरी पटींनी जास्त मिळाल्याचं त्यांनी प्रसिद्ध केलं. ते अहवाल आजही वाचायला मिळतात. जगभरच्या शंकेखोरांनी विचारलं, की हे ट्रिटियम पाण्यात किंवा धातूत आधीपासून नव्हतं कशावरून? त्याला त्या शास्त्रज्ञांनी आकड्यांनिशी उत्तरं दिली, काहींना पटली, काहींना नाही. नव्वदच्या दशकात ते काम थांबलं. डॉ. श्रीनिवासन यांनी विषय सोडला नाही. २०१५ साली ‘करंट सायन्स’ या आपल्या नियतकालिकात त्यावर खास विभाग निघाला, त्याच्या संपादकांत ते होते.

या माणसांबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्यांनी प्रयोग केले, आकडे उघड्यावर मांडले, नाव पणाला लावलं आणि प्रश्नांना तोंड दिलं. पण त्यांचे प्रयोग पॅलेडियम, टायटॅनियम आणि जड पाण्याचे, प्रयोगशाळेतले, आणि तेही वादात राहिलेले. आपल्या शेडमधल्या बंद पेटीला त्यांनी कुठलंही प्रमाणपत्र दिलेलं नाही. माहितीपत्रकावर तुर्भ्याच्या घुमटाचा फोटो छापला म्हणून पेटी तुर्भ्याची होत नाही. त्या शास्त्रज्ञांचा मान राखायचा असेल तर त्यांनी जे केलं ते आपणही करावं: मोजावं.

अणुसंलयनाची गोष्ट खरी धरली तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. मिरजेच्या दवाखान्यातल्या साध्या एक्स-रे यंत्रालाही अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी लागते. मग आत अणुकेंद्रं जुळतात असं म्हणणारं यंत्र, जिथे बायका-पोरं हळद वाळत घालतात तिथे, कुणाच्या परवानगीने बसणार? असं कुठलं पत्र असेल तर विक्रेत्यांनी दाखवावं. परवानगीची गरज नाही असं त्यांचं म्हणणं असेल, तर आत अणुप्रक्रिया नाही हेही त्यांनी लेखी द्यावं.

आता प्रत्यक्ष पाहिलेल्या प्रात्यक्षिकाकडे येतो. माझी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर झाली, त्यामुळे माझं लक्ष पेटीपेक्षा तिच्या नळीकडे होतं.

त्या दिवशी उष्णता कशी मोजली गेली? पंपाने तासाला किती लिटर पाणी पेटीत गेलं ते पाहिलं, तेवढ्या सगळ्या पाण्याची वाफ झाली असं धरलं, आणि गुणाकार करून आकडा फळ्यावर लिहिला. सगळी गोम ‘धरलं’ या शब्दात आहे. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे २९३ किलोज्यूल लागतात. त्याच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला आणखी २,२५७. म्हणजे खरा खर्च उकळवण्यात नाही, वाफ करण्यात आहे. आता समजा किलोभर पाण्यातलं शंभर ग्रॅमच वाफ झालं आणि बाकीचं नऊशे ग्रॅम उकळतं पाणी थेंबांच्या रूपाने वाफेबरोबर नळीतून गेलं. मग उष्णता लागली सुमारे ५१९ किलोज्यूल, आणि फळ्यावर लिहिली गेली २,५५०. जवळपास पाचपट. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही, कारण थोड्याशा पाण्याच्या वाफेने प्रचंड जागा व्यापते; नळीच्या तोंडाशी पांढरा लोट दिसतोच. बॉयलरवर काम केलेल्या कुणालाही विचारा, वाफेबरोबर पाणी ओढलं जाणं हा रोजचा त्रास असतो. माझ्या जागेवरून दिसत होतं: नळी बादलीच्या कडेला टेकवलेली होती, तिच्या खालच्या ओठावरून पाणी सतत ओघळत होतं, आणि तासाभरात बादली दोनदा रिकामी केली गेली. ते पाणी कुणी मोजलं नाही. मी विचारलेला प्रश्न तोच होता.

वीज मोजली ती वायरीभोवती चिमट्यासारख्या लावायच्या क्लॅम्प मीटरने, आणि तीही एकाच फेजवर. यंत्राला तीन फेज जोडलेले होते. बाकीच्या दोन वायरींत काय चाललं होतं ते कुणाला माहीत नाही.

निकेल आणि हायड्रोजनची पेटी हा प्रकार जगाला नवा नाही. जानेवारी २०११ मध्ये इटलीत बोलोन्याला आंद्रेआ रॉसी यांनी ‘ई-कॅट’ नावाचं असंच यंत्र दाखवलं. तिथेही आक्षेप वाफेच्या कोरडेपणावरच आला. पुढे एका अमेरिकन कंपनीने त्यांना सुमारे एक कोटी पंधरा लाख डॉलर दिले, वर्षभराची चाचणी झाली, आणि २०१६ मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं. पैसे देणाऱ्या कंपनीने जाहीर सांगितलं, की तीन वर्षांहून जास्त काळ खटपट करूनही सांगितलेले निष्कर्ष आम्हाला मिळाले नाहीत. २०१७ मध्ये तडजोड झाली. त्या कंपनीकडे वकील होते, अभियंते होते, गुंतवणूकदारांचा पैसा होता. आपल्याकडे सभासदांचं पीककर्ज आहे.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळणं हे स्वतःहून अशक्य नाही. हीट पंप ते करतो, कारण तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो. त्याने पाणी चांगलं गरम होतं, पण हळद शिजवायला लागणाऱ्या कोरड्या वाफेपर्यंत जाताना त्याचा फायदा घटत जातो. विक्रेत्यांच्या पेटीत हीट पंप असेल तर त्यांनी तसं सांगावं, त्याच्या किमतीने विकावं, मी स्वतः शिफारस करीन.

प्रात्यक्षिकानंतर चहाच्या वेळी एकांनी मला किर्लोस्करांचा दाखला दिला. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकऱ्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नांगर सुरुवातीला घेतले नव्हते, आज त्यांच्या नावाची वाडी आपल्या जिल्ह्यात उभी आहे, असं ते म्हणाले. खरं आहे. पण तो नांगर उघडा होता. शंका असलेल्या शेतकऱ्याने तो आपल्या बैलांना जुंपावा, आपल्याच काळ्या रानात तास धरून किती खोल जातो ते पाहावं आणि पुढच्या हंगामात पीक पाहावं, यात काही आडकाठी नव्हती. लक्ष्मणरावांनी कुणाला तुमचा विश्वास आहे का असं विचारून नांगर खपवला नाही. या पेटीचं झाकण उघडायला मनाई आहे, तिची नळी दुसऱ्या भांड्यात सोडायला मनाई आहे आणि आपला मीटर लावायलाही मनाई आहे. उदाहरण द्यायचं तर पुरतं द्यावं.

आणखी एक वाक्य ऐकू आलं: “हे बुवाबाजीचं प्रकरण नाही, विज्ञान आहे, अंनिसवाल्यांनी यात पडू नये.” डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. त्यांनी आपल्या भागात गावोगाव फिरून पुरावा मागायला शिकवलं, आणि त्यासाठी २०१३ साली जीव गमावला. अंगात आलेल्याकडून पुरावा मागायचा आणि सूट-टाय घातलेल्याकडून मागायचा नाही, असा भेद त्यांनी कधी सांगितला नव्हता.

चाचणी अगदी साधी आहे. झाकण उघडायची गरज नाही, त्यांचं गुपित त्यांच्याकडेच राहू द्या. दोनशे लिटरचा बॅरल घ्यायचा, बाहेरून पोती गुंडाळायची, पाणी भरून काट्यावर वजन करायचं. पेटीची नळी तळापर्यंत बुडवायची, म्हणजे वाफ, थेंब, जे येईल ते सगळं पाण्यातच मुरेल आणि कोरडी-ओली वाफ हा वादच उरणार नाही. पाणी ढवळत राहायचं. दोनशे लिटर पाणी ३० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ७ युनिट उष्णता लागते. नळीतून आलेल्या पाण्याने बॅरलचं वजन वाढेल, म्हणून शेवटी पुन्हा वजन करून हिशेब नीट करायचा. तिन्ही फेज मोजणारा, तपासून सील केलेला मीटर यंत्राच्या आधी बसवायचा. पाणी ६० अंशांवर पोचलं तेव्हा मीटरवर सातच्या वर युनिट पडली असतील, तर ती पेटी म्हणजे गिझर आहे. अडीचच्या आसपास पडली असतील, तर मी सभेत उभा राहून विक्रेत्यांना हार घालीन.

एका बॅरलवर थांबू नये मात्र. दहा किलोच्या लिथियम बॅटरीत दीड-दोन युनिट साठून राहतात, आणि ही पेटी उचलायला चौघे लागले होते. म्हणून बॅरलमागून बॅरल बदलत सलग आठवडाभर यंत्र चालू ठेवायचं. आत काही साठवलेलं असेल तर ते दोन-तीन दिवसांत संपेल, आणि खरोखर काही घडत असेल तर ते आठव्या दिवशीही घडेल. नोंदवही दोघांच्या सहीने भरायची, एक सही विक्रेत्यांच्या माणसाची, एक आपल्या. सांगलीत वालचंद महाविद्यालय आहे, कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे; तिथल्या यंत्र विभागातल्या एखाद्या प्राध्यापकांना उपस्थित राहण्याची विनंती संचालक मंडळाने करावी. खर्च काट्याच्या भाड्याएवढा.

विक्रेत्यांनी याला नकार दिला तर त्या नकाराची नोंद सभेच्या इतिवृत्तात व्हावी आणि ठराव मागे घ्यावा. होकार दिला तर चाचणीचा निकाल येईपर्यंत कुणाही सभासदाकडून एक रुपयाही घेऊ नये. ज्यांनी प्रात्यक्षिकाच्या दिवशीच आगाऊ रक्कम भरली आहे, त्यांची यादी आणि पावत्या सभेपुढे ठेवाव्यात.

हे पत्र विशेष सभेच्या विषयपत्रिकेला जोडावं, अशी विनंती आहे. बॅरल, काटा आणि ढवळायला माणूस यांची सोय मी करतो. मीटर सील करून घेण्यासाठी कंपनीच्या लेटरहेडवर अर्ज लागेल, तो सचिवांनी या आठवड्यात द्यावा. विक्रेत्यांकडून तारीख मिळाली की मला कळवा, मी हजर राहीन.

आपला,
कंपनीचा एक सभासद